‘इतर’

कोणत्याही इस्पितळाचा वर्धापनदिन असो, नव्या इमारतीचें उद्घाटन असो, किंवा सांथ ओसरल्यानंतर भरलेली आभारप्रदर्शनाची सभा असो, व्याख्यात्याच्या तोंडून एक वाक्य ठरल्याप्रमाणें बाहेर पडतेंच. ‘डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी यांनीं केलेल्या अहोरात्र सेवेबद्दल’ असा त्या वाक्याचा आरंभ असतो. ‘डॉक्टर’ या शब्दाशीं वक्त्याचा आवाज उंचावतो, ‘परिचारिका’ या शब्दाशीं तो हळुवार होतो, आणि ‘इतर’ या शब्दाशीं येऊन वक्ता श्वास घेतो. या शब्दाला व्याकरणकार विशेषण म्हणोत कीं सर्वनाम म्हणोत. व्यवहारांत त्याचें काम ‘वगैरे’चें आहे. ज्यांचीं नांवें घेण्यास वेळ नाहीं, आणि अजिबात न घेतल्यास बरें दिसणार नाहीं, अशांची सोय त्या तीन अक्षरांत केलेली असते.

हे ‘इतर’ म्हणजे कोण, असा प्रश्न मनांत आणून एखाद्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या पगारपत्रकावरून नजर फिरविली, तर वाचतां वाचतां दम लागतो. कक्षसेवक, आया, हमाल, सफाई कामगार आणि त्यांचा मुकादम. धोबी, शिंपी, स्वयंपाकी. वीज, नळ आणि लिफ्ट संभाळणारे. रुग्णवाहिकेचा चालक, ऑक्सिजनच्या टाकीवर लक्ष ठेवणारा माणूस, दूरध्वनीवरची बाई. भांडारपाल, लेखापाल, खिडकीवरचे कारकून, जुन्या कागदांचा रखवालदार, समाजसेवा अधीक्षक. आणि जेथें सर्वांचे उपाय संपतात तेथें उभा असलेला शवागारांतला परिचर. यांपैकीं एकालाही रोग्याची नाडी पाहून निदान करतां येत नाहीं, कीं औषध लिहून देण्याचा अधिकार नाहीं. तथापि यांपैकीं कोणताही एक गट एक दिवस घरीं बसला, तर निदान करणाऱ्यांचे हात बांधले जातात. सर्जन हात धुऊन उभा आहे, परंतु निर्जंतुक कपड्यांचा गठ्ठा आलेला नाहीं. रक्त तपासून तयार आहे, परंतु तें वरच्या मजल्यावर नेणारा कोणी नाहीं. अशा वेळीं विद्वत्तेला वाट पाहण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं.

इस्पितळांत शिरणाऱ्या मनुष्याची पहिली गांठ डॉक्टरशीं पडत नाहीं. ती केसपेपरच्या खिडकीशीं पडते. आपल्याकडचा मनुष्य आपलें दुखणें शरीरशास्त्राच्या भाषेंत सांगत नाहीं. एखादी आजीबाई ‘काळजांत कालवतंय’ एवढेंच म्हणते. तें कालवणें हृदयाचें, पोटाचें, कीं सुनेशीं झालेल्या भांडणाचें, हें कळण्यास अनुभव लागतो. मागें रांग वळसे घेत उभी असतां, एवढ्याशा शब्दांवरून कोणत्या विभागाचा कागद करावयाचा हें खिडकीमागचा कारकून ठरवितो. त्यानें चुकीच्या विभागाचा कागद केला, तर आजीबाई भलत्याच रांगेंत उभी राहते. तिचा क्रम लागून ‘येथें नव्हे, तिकडे जा’ असें कोणी सांगेपर्यंत तिकडचा बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. एस.टी.चें भाडें गेलें, बरोबर आलेल्या मुलाची मजुरी बुडाली, आणि आजीबाई पुन्हां येईलच असा भरंवसा राहिला नाहीं. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला विख्यात अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही मनुष्य वैद्यकीय मदतीवांचून राहूं नये, हें तिनें मूळ तत्त्व मानिलें होतें. तें तत्त्व दिल्लीस लिहिलें गेलें; परंतु तें पाळलें जातें किंवा मोडलें जातें तें या खिडकीवर.

माझे थोरले बंधू खुब्याचें हाड मोडून एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत सतरा दिवस होते, आणि त्यांच्या उशाशीं रात्रीं बसण्याचें काम माझ्याकडे होतें. त्या सतरा रात्रींत जें पाहावयास मिळालें, तें इस्पितळांच्या अहवालांतून वाचावयास मिळत नाहीं. दाखल झाले त्या रात्रीं दोन वाजतां त्यांना क्ष-किरण विभागांत न्यावयाचें होतें. स्ट्रेचर ढकलण्यास आलेला हमाल पन्नाशीच्या पुढचा, अंगानें किडकिडीत होता. जुन्या इमारतींतून नव्या इमारतींत जातांना फरशीला जागजागीं चिरा होत्या. प्रत्येक चिरेच्या वीतभर अलीकडे तो थांबे, पुढचीं चाकें किंचित् उचलून पलीकडे ठेवी, मग मागचीं चाकें तशींच पार करी, आणि पुन्हां चालूं लागे. एरव्हीं कूस बदलतांना विव्हळणारे दादा त्या सगळ्या वाटेंत एकदांही ओरडले नाहींत. परततांना मीं त्याला हें कोणीं शिकविलें म्हणून विचारलें. तो म्हणाला, ‘शिकवतंय कोण, साहेब? हादरा बसायच्या आधी हाताला चाक सांगतं.’ त्या हातांना जें ज्ञान होतें, तें कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेलें नव्हतें, आणि म्हणून त्याची पगारांत कोठेंही गणना नव्हती.

दुसरा प्रसंग कागदांच्या खोलींतला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तरुण डॉक्टरांनीं विचारलें, ‘यांना पूर्वीं कोणत्या औषधाचा त्रास झाला होता काय?’ नऊ वर्षांपूर्वीं दादा त्याच इस्पितळांत न्यूमोनियानें आजारी होते, आणि कोणत्याशा इंजेक्शनानें अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता, एवढें वहिनींना आठवत होतें; औषधाचें नांव आठवेना. मला तळघरांतील अभिलेख कक्षाकडे पाठविण्यांत आलें. संगणक येण्यापूर्वींचे कागद तेथें कापडी बस्त्यांत बांधून ठेवले होते. तेथील गृहस्थांनीं महिना विचारला, वर्ष विचारलें, कोणत्या कक्षांत होते तें विचारलें. मग शिडी घेऊन ते दिसेनासे झाले, आणि सुमारें अर्ध्या तासानें धुळीनें माखलेला एक कागद घेऊन परतले. त्यावर तांबड्या शाईनें पेनिसिलिनचें नांव लिहून खालीं दोन रेघा ओढल्या होत्या. डॉक्टरांनीं दुसरें औषध योजिलें. दादांचा जीव कोणीं वाचविला असें कोणी विचारलें, तर सर्जनचें नांव सांगावें लागेल, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या सर्जनच्या हातून भलतेंच घडूं न देण्याचें श्रेय तळघरांतल्या त्या शिडीला आहे. ज्या इस्पितळाला आपला रोगी आठवत नाहीं, तें दर वेळीं त्याच्यावर नव्यानें प्रयोग करीत असतें.

जंतूंचा शोध लागल्यापासून तर या मंडळींचें काम शास्त्राचा भागच होऊन बसलें आहे. पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनीं १८७९ सालीं वाफेच्या दाबानें जंतु मारणारें पात्र सिद्ध केलें. तेंच आजचें ऑटोक्लेव्ह. १२१ अंश सेल्सिअस उष्णतेच्या वाफेंत निदान १५ मिनिटें, किंवा १३४ अंशांत निदान ३ मिनिटें उपकरणें राहिलीं पाहिजेत, हा नियम आहे. गठ्ठ्यावर चिकटविलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या कीं नाहींत हें पाहणारा, आणि वाफ नीट शिरावी म्हणून पेटी ठेंचून न भरणारा माणूस बहुधा साधा तंत्रज्ञ किंवा परिचर असतो. त्यानें घाईनें एक मिनिट चोरलें, तर तें त्या क्षणीं कोणासही दिसत नाहीं. तें चार दिवसांनीं रोग्याच्या जखमेंत दिसतें. धोब्याचीही तीच गोष्ट. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेंत रोग्यांचे कपडे ६५ अंशांवर निदान १० मिनिटें, किंवा ७१ अंशांवर निदान ३ मिनिटें धुतले जावेत असा दंडक आहे. आपल्याकडे २०१६ च्या नियमांप्रमाणें इस्पितळांतील कचरा पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या अशा चार प्रकारांत वेगळा ठेवावा लागतो. सुई पांढऱ्या डब्यांत जावयाची. ती चुकून पिवळ्या पिशवींत पडली, तर टोंचते ती टाकणाऱ्याला नव्हे, उचलणाऱ्याला. एकाच्या निष्काळजीपणाचें प्रायश्चित्त दुसऱ्याच्या बोटाला, ही त्या कामांतील कायमची जोखीम आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें नांव घेतलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हातांत दिवा धरलेली एक सौम्य आकृति उभी राहते. तो दिवा खोटा नव्हे. परंतु ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत पोंचल्या, तेव्हां त्यांना प्रथम लागले ते कुंचे, सदरे, टॉवेल आणि तपेलीं. त्यांनीं एक घर भाड्यानें घेतलें, त्यांत पाणी तापविण्याच्या भट्ट्या बसविल्या, आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर लाविलें. १८५५ सालीं लंडनच्या रिफॉर्म क्लबाचे पूर्वींचे नामांकित आचारी अलेक्सि सॉयर तेथें आले, आणि त्यांनीं इस्पितळाच्या स्वयंपाकघराची घडी बसविली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता-आयोगानें इमारतीखालीं तुंबलेलीं गटारें उपसविलीं. फेब्रुवारींत शेंकडा ४२ च्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण जूनपर्यंत शेंकडा २ च्या आसपास उतरलें. त्या चार महिन्यांत वैद्यकशास्त्रानें कोणताही नवा रामबाण शोधून काढिला नव्हता. गटारें वाहूं लागलीं होतीं. नाइटिंगेलबाई स्वतः आंकड्यांच्या निस्सीम उपासक होत्या, आणि १८५८ सालीं लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें त्यांना सभासद करून घेतलें. दिव्याचें चित्र लोकांनीं जपलें. धोबीखाना, स्वयंपाकघर, गटार आणि नोंदवही हीं मात्र ‘इतर’ सदरांत गेलीं.

इतक्या दूर जाण्याचें तरी कारण काय? १८९७ सालीं पुण्यांत प्लेग शिरला, तेव्हां सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनीं हडपसरजवळ रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. चिकित्सा यशवंतरावांची होती. रोग्याला दवाखान्यापर्यंत आणण्याचें काम त्यांच्या मातेनें पतकरलें. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनीं दवाखान्यांत पोंचविलें, त्यांतच त्यांना प्लेगची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. शिक्षणाच्या इतिहासांत त्यांचें स्थान सर्वांस ठाऊक आहे. आरोग्यसेवेच्या इतिहासांत त्यांना जागा द्यावयाची झाल्यास ती रोग्यांना वाहून नेणाऱ्या हमालांच्या रांगेंत द्यावी लागेल. आणि ती रांग त्यामुळें किती उंच झाली आहे, हें आपण लक्षांत घेतलें पाहिजे.

इस्पितळाच्या भिंतींबाहेरही हेंच दृश्य आहे. आपल्या देशांत पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमध्यें आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. या यशाच्या कथेंत लस शोधणारे शास्त्रज्ञ आहेत, दारोदार हिंडणाऱ्या स्वयंसेविका आहेत. परंतु शीतपेट्या दुरुस्त करणारा मेकॅनिक फारसा कोठें आढळत नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. तिच्यासाठीं खास पेटी असते. तिच्या भिंतींतून बर्फ असतो, म्हणजे वीज गेली तरी कांहीं तास आंतला थंडावा टिकतो. सकाळसंध्याकाळ तापमान पाहून वहींत लिहावयाचें. मग दिवाळी असो कीं आदितवार. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ असून त्याच्या पोटांत फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो चौकोन काळवंडतो, आणि वर्तुळाच्या रंगाला मिळाला म्हणजे ती कुपी फेकून द्यावी लागते. धडगांवच्या किंवा मेळघाटच्या एखाद्या पाड्यावर, चार बर्फाच्या विटा ठेविलेल्या डब्यांतून लस पोंचते, तेव्हां तिच्यामागें तालुक्याच्या गांवीं रात्रीं दहा वाजतां शीतपेटीचा कॉम्प्रेसर उघडून बसलेला एक मनुष्य असतो. त्यानें ‘सकाळीं पाहूं’ म्हटलें असतें, तर पाड्यावर डबा पोंचला असता, आया पोरांना घेऊन आल्या असत्या, दोन थेंब पाजलेही गेले असते. फक्त त्या थेंबांत जीव उरला नसता.

आतां कोणी म्हणेल, हें सारें गोड चित्र झालें. सरकारी इस्पितळांतला खरा अनुभव निराळा आहे. हा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. ज्या सतरा रात्रींचा उल्लेख वर केला, त्यांपैकीं एका रात्रीं शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याला मलपात्र देण्यासाठीं एका सेवकानें त्याच्या मुलाकडे चहापाण्याचे पैसे मागितलेले मीं माझ्या कानांनीं ऐकले आहेत. ‘पलीकडे विचारा’ हें उत्तर तर बहुतेक खिडक्यांवर तयारच असतें. परंतु असें कां होतें, याचा विचार केल्याशिवाय नुसता संताप व्यक्त करणें म्हणजे ताप मोजून औषध न देण्यासारखें आहे. जो मनुष्य बाविसाव्या वर्षीं कक्षसेवक म्हणून लागतो, तो बहुधा कक्षसेवक म्हणूनच निवृत्त होतो. चाक उचलणारा हमाल आणि चाक आपटणारा हमाल यांच्या पगारांत फरक नाहीं. बढतीची पायरी नाहीं, शिकण्याची सोय नाहीं, चांगल्या कामाची नोंद करणारी वही नाहीं. त्यांतच यांतील पुष्कळ कामें आतां कंत्राटदारांकडे गेलीं आहेत. कंत्राट संपलें कीं माणूस बदलतो, आणि त्याच्या हातांना जें समजूं लागलें होतें तें त्याच्याबरोबर निघून जातें.

शिवाय या प्रश्नाला आमच्या समाजाचें जुनें कुलूप आहे. झाडू कोणाच्या हातीं असावयाचा, हें आमच्याकडे इस्पितळें निघण्यापूर्वींच ठरलेलें होतें. इस्पितळांनीं तो ठराव मुकाट्यानें उचलला. सफाई कामगारांच्या वारसांना त्यांची जागा मिळावी, अशी जी तरतूद महाराष्ट्रांत लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून झाली, तिचा हेतु त्या कुटुंबांना आधार देण्याचा होता, आणि तो आधार लहान नव्हे. परंतु बापाच्या हातचा झाडू मुलाच्या हातीं सुरक्षितपणें पोंचविणें आणि मुलाला झाडू ठेवून दुसरें कांहीं उचलण्याची वाट मोकळी करून देणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची हमी मिळाली. दुसरीची अजून पुरती मिळावयाची आहे. ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झालेल्या आरोग्यसेवेनें २००४ सालीं डॉक्टर, दंतवैद्य व अगदीं वरचे अधिकारी वगळून सर्व कर्मचाऱ्यांसाठीं एकच वेतनश्रेणी केली. हमाल, कारकून, आचारी, परिचारिका हे सगळे त्या एकाच शिडीवर, आपापल्या कामाच्या मोजलेल्या वजनाप्रमाणें, उभे आहेत. तेथेंही कुरबुरी आहेत, संप होतात. तरी शिडी एक आहे, आणि खालच्या पायरीवरून वरची पायरी दिसते, ही गोष्ट मोठी आहे.

२२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां आम्हीं सर्वांनीं सज्जांत उभें राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्यानंतरच्या महिन्यांत काय झालें, हेंही आम्हांस ठाऊक आहे. इस्पितळांत काम करणाऱ्यांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगण्यांत आलें. त्यांच्यावर हल्ले झाले. आणि त्यांच्या रक्षणासाठीं २२ एप्रिल २०२० रोजीं सरकारला वटहुकूम काढावा लागला. टाळी आणि वटहुकूम यांच्यामध्यें अवघा एक महिना गेला. टाळी ही क्षणाची कृतज्ञता आहे. तिच्यावर कोणाचें घर चालत नाहीं आणि कोणाची मान उंच होत नाहीं. त्या वर्षीं शवागारांतल्या परिचरांनीं नातेवाइकांच्या गैरहजेरींत जीं प्रेतें बांधलीं, पोंचविलीं, आणि पुष्कळांच्या बाबतींत शेवटचा नमस्कारही केला, त्या कामाला आमच्या भाषेंत अजून नीट नांवसुद्धां नाहीं.

हे विचार मनांत घोळण्यास एक घरगुती निमित्त झालें आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलीची एका जिल्हा रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. घरांत पेढे वांटले गेले. परंतु पेढ्यांत साखर थोडी कमी पडल्यासारखें वाटत होतें. ‘सरकारी जागा आहे, तें ठीक, पण डॉक्टर झाली असती तर,’ असें तिचे वडील दर पाहुण्यापाशीं अर्धवट बोलून थांबत. पुढें एक स्थळ आलें. मुलाच्या आईनें विचारलें, ‘दवाखान्यांत असतां, पण डॉक्टर नाहीं, नर्स नाहीं, म्हणजे नक्की काय करतां?’ मुलगी नम्रपणें म्हणाली, ‘रोग्यांना मदत करतें.’ तें स्थळ जुळलें नाहीं, याचें दुःख घरांत अजून आहे. आणि तिनें ही नोकरी सोडून दुसरी एखादी परीक्षा द्यावी कीं काय, याबद्दल तिच्या वडिलांनीं माझें मत विचारलें आहे.

तिचें काम आहे तरी काय? लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळानें १८९५ सालीं मेरी स्टुअर्ट नांवाच्या बाईंना रोग्यांची घरची परिस्थिति पाहण्यासाठीं नेमलें, तेथून या व्यवसायाचा उगम धरतात. आपल्या देशांत तो १९४६ सालीं मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई इस्पितळांत सुरू झाला. रोग शरीराला होतो, पण रोगी घरांत राहतो, कर्जांत राहतो, मुकादमाच्या उचलींत राहतो, ही साधी गोष्ट ज्यांना कळली, त्यांनीं हा व्यवसाय काढिला. भाचीनें सांगितलेली हकीकत अशी. बीडकडचा एक ऊसतोड मजूर क्षयानें आजारी होऊन आला. सामान्य क्षयाला सहा महिने औषध नेमानें घ्यावें लागतें; औषध फुकट मिळतें; २०१८ पासून पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये, सरकार रोग्याच्या खात्यांत भरतें. डॉक्टरांनीं निदान अचूक केलें, औषध योग्य दिलें. परंतु दिवाळी जवळ आली होती. टोळी कारखान्यावर निघावयाची होती. उचल घेतलेली असल्यामुळें गडी मागें राहूं शकत नव्हता. तो निघून गेला असता तर औषध दोन महिन्यांत तुटलें असतें, आणि तुटलेल्या औषधाचा क्षय पहिल्यापेक्षां हट्टी होऊन परत येतो. भाचीनें त्याचें खातें उघडवून दिलें, ज्या कारखान्यावर टोळी जाणार होती तेथील जवळच्या आरोग्य केंद्रांत त्याचा कागद पाठविला, आणि मुकादमाला तीन वेळां दूरध्वनि करून, चौथ्या वेळीं प्रत्यक्ष बोलावून, दरमहा त्याला केंद्रावर पाठविण्याचें वचन घेतलें. ‘मामा,’ ती मला म्हणाली, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठींत औषधाचं नाव होतं, टोळी कुठं जाणार हे नव्हतं.’

त्या चिठ्ठींत तें असणार नाहीं, आणि असावें अशी अपेक्षाही करूं नये. डॉक्टरानें डॉक्टरकीच करावी. ती त्याच्या एकट्याच्या आयुष्याला पुरून उरेल एवढी मोठी आहे. परंतु चिठ्ठी आणि मजुराची झोंपडी यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें कोणीतरी रोज चालून गेलें पाहिजे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी जी विनामूल्य उपचारांची योजना आहे, तिच्यासाठीं इस्पितळांतून ‘आरोग्यमित्र’ नेमलेले असतात. ज्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांतला फरक सांगावा लागतो, अशा मनुष्याच्या दृष्टीनें ती योजना म्हणजे त्या टेबलामागचा तो मित्र. तो जागेवर असेल तर योजना आहे. नसेल तर नाहीं.

म्हणून भाचीच्या वडिलांना माझें सांगणें एवढेंच आहे कीं, मुलीला या नोकरींतून उठवूं नये. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दर वर्षीं लाखो मुलें बसतात. त्यांतील बहुतेकांना जागा मिळत नाहीं, आणि तीं घरीं परततात तीं हरल्याच्या भावनेनें. रोग्याची सेवा करावी ही त्यांची मूळ इच्छा खरी असेल, तर तिला जाण्यासारखीं पन्नास दारें त्याच इस्पितळांत आहेत. फक्त त्या दारांवर मानाची पाटी लावण्याचें काम आमच्यासारख्या घरांनीं अद्याप केलेलें नाहीं. ती पाटी सरकारी हुकुमानें लागत नाहीं. शिडी बांधणें, शिक्षण देणें, कायम जागा भरणें हें सरकारचें काम. परंतु पेढ्यांत साखर पुरी घालणें हें आमचें.

आणि पुढचें स्थळ येईल, तेव्हांही तो प्रश्न निघेलच: ‘म्हणजे नक्की काय करतां?’ तो अवश्य विचारावा. भाचीनें त्या वेळीं दोन शब्दांत उत्तर दिलें, तें विनयानें दिलें. परंतु या खेपेस तिनें त्या मजुरापासून आरंभ करावा, टोळीचें सांगावें, मुकादमाचें सांगावें, आणि विचारणारांनीं चहा निवला तरी ऐकून घ्यावें. उत्तर थोडें लांब आहे.